घाबरट कुत्रं : माराने झालेलं की रक्तातलंच? तुमचे अनुभव लिहा

साखळीची_मामी
काल रात्री भाचीने व्हिडिओ कॉलवर नवीन पिल्लू दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, पर्वरीच्या फ्लॅटमधलं वॉशिंग मशीन दाखवलं आणि त्याच्यामागून बाहेर आलेलं शेपटीचं टोक. "मामी, याला नक्की कोणीतरी मारलंय गं." अगं कोण मारणार, तुझ्याच मैत्रिणीच्या सोफ्यावर जन्मलंय ते, जेमतेम दोन महिन्यांचं! पण फोन ठेवला आणि आमचा वाघ्या आठवला, मग झोपच येईना.

वाघ्या खाणीवरचा. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या बाजूचा ट्रक लावायचा प्लॉट ओस पडला, ट्रक गेले, राखणदार दुसरीकडे कामाला गेला, कुत्रं तिथेच राहिलं फणसाला बांधलेलं. येणारा-जाणारा कधी भात टाकायचा कधी नाही. आमचे हे एक दिवस पक्कड घेऊन गेले आणि गोणपाटात गुंडाळूनच आणलं. गळ्यातला पट्टा कातडीत रुतलेला, पाच-सहा वर्षांचा कुत्रा आणि वजन बारा किलो. आंघोळ घातली तर तीन बादल्या पाणी लालच, सगळी खाणीची माती.

साखळी काढली तरी तो अंगणात तेवढ्याच गोलात फिरायचा. मधे फणस नाही, काही नाही, तरी गोल. ताट त्याच्या बाहेर हातभर ठेवलं तर बघत बसायचा, पाय टाकायचा नाही. मी रोज ताट चार बोटं पुढे सरकवायची. तुळशीपर्यंत यायला तेवीस दिवस लागले, कॅलेंडरवर खुणा केलेल्या. हे त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे, निधनवार्तांसकट. सहा महिन्यांनी अशाच एका निधनवार्तेच्या मध्यात मागून येऊन त्याने यांच्या पाठीला डोकं टेकवलं. हे वाचायचे थांबले नाहीत, आवाज मात्र बदलला.

आम्हा दोघांना मग सोडायचा नाही. पण बाहेरचं माणूस शेवटपर्यंत नाही म्हणजे नाही. आठ वर्षं रोज येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, त्याचा भोंपू वाजला की हा माजघरात. मला वाटायचं आपलंच कुठेतरी चुकलं. मग एकदा डिचोलीच्या बाजारात त्या राखणदाराची वहिनी भेटली, तिच्याकडे वाघ्याची एकाच वेतातली बहीण. घरात वाढलेली, पोरांच्या अंथरुणात झोपणारी, साखळी कधी माहीत नाही. बघायला गेलो तर बाई पलंगाखाली, आणि तिथून वाघ्यासारखीच मान तिरकी करून एकच ओठ वर करून गुरगुरली. हे म्हणाले, "बघ, आपला वाघ्याच साडी नेसून बसलाय." वहिनी म्हणाल्या की या दोन्ही कुत्र्यांची आईसुद्धा जन्मात कोणाच्या हाताला लागली नव्हती.

तुमचं कसं काय? लिहा सवडीने.

पेडण्याचा_बाबू
गाव साखळी आणि कुत्रा पण साखळीत. सॉरी मामी, राहवलं नाही.

साखळीची_मामी
@बाबू, आमच्या यांनी हाच जोक आठ वर्षं केलाय. नवीन काहीतरी आण.

फोंड्याची_ज्यो
आमची चिंगी तर नरकासुराच्या रात्री बाथरूममध्ये बादलीच्या मागे, पंखा फुल, मी स्टुलावर बसलेली पहाटे नरकासुर जाळेपर्यंत, आणि तिचा भाऊ टायगर त्याच वेळी बाहेर मंडपात पोरांमध्ये स्पीकरच्या पुढ्यात आडवा झोपलेला, दोघं एकाच दिवशी एकाच खोक्यातून आणलेली, एकच खाणं एकच घर, मग आता हे वळण कसं म्हणायचं सांगा, कूकर झाला येते नंतर

मडगावकर_काका
सगळे फालतू लाड. रक्तबिक्त काही नसतं. आमच्या लहानपणी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, दहा-बारा सुणीं (कुत्री) असायची, पेज आणि माशाची डोकी खाऊन वाढायची, एक घाबरट नव्हतं. जनावराला वळण लावावं लागतं, पोरांना लावतात तसं.

कंपाउंडर
काका, जी घाबरट होती ती तुम्हाला दिसलीच नसणार, ती भाटाच्या पलीकडे असणार :)

मी जनावरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं आहे, डॉक्टर नाही, धरायचं काम माझं. त्यामुळे कोण कसा चावतो ते मला जास्त माहीत. मामींच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी. एक म्हणजे आईबापांकडून आलेलं. दुसरं, पिल्लू साधारण तीन आठवडे ते बारा-चौदा आठवडे एवढ्या काळात जे बघतं ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं, त्यात माणसंच दिसली नाहीत तर पुढे माणूस म्हणजे भूत. तिसरं, नंतर पडलेला मार. लोक येतात आणि तिसरंच धरून बसतात, "रेस्क्यू आहे, मारलं असणार". मारलं असेलही, पण केरसुणीला घाबरणारं प्रत्येक कुत्रं केरसुणीचा मार खाल्लेलं नसतं. नवीन वस्तूला घाबरतं एवढंच.

भाचीला सांगा, लशी पुऱ्या होईपर्यंत पार्वोच्या (जीवघेण्या जुलाबाच्या रोगाच्या) भीतीने जमिनीवर सोडू नका हे बरोबर, पण त्याच नादात तो काळ निघून जातो. कडेवर घेऊन बाल्कनीत, जिन्यात, बाजाराच्या कडेला दहा मिनिटं उभं राहायचं. लोकांना हात लावू द्यायचा नाही, नुसतं बघू दे. मशीनच्या मागून ओढून काढायचं तर अजिबात नाही.

ताळगाव_तिसरा_मजला
कंपाउंडर दादा गोचिडींसाठी काय लावू? पाऊस सुरू झाल्यापासून सोफ्यावर पण सापडतायत

कंपाउंडर
लावू नका, आधी दाखवून घ्या. ताप, हिरड्या पांढऱ्या, खाणं बंद यातलं काही असेल तर आजच रक्त तपासा. गोचिडीचा ताप निघाला तर डॉक्सी या अँटिबायोटिकची गोळी सहसा २८ दिवस चालते, चौथ्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून बंद करायची नाही. बंद करतात सगळे.

ताळगाव_तिसरा_मजला
मी गेल्या वर्षी बंद केलेली :(

मडगावकर_काका
धरायचं काम करणाऱ्याने जेनेटिक्स शिकवू नये असं नाही, पण पुरावा काय? एकाच आईची पिल्लं आईला बघूनही घाबरायला शिकतात. आई पळाली, पिल्लू पळालं. यात रक्त कुठे आलं?

अर्धी_झोप
काका, मुद्दा चांगला आहे आणि तो तपासून झालाय. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीत माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे निवडायचे, त्यांचीच पिल्लं घ्यायची, बाकी काही शिकवणी नाही. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी पिल्लं दिसायला लागली. उलटी रांगपण ठेवली, चवताळणाऱ्यांची. आणि तुमच्या शंकेसाठी चवताळणाऱ्या आईचे गर्भ माणसाळलेल्या मादीच्या पोटात वाढवून बघितले. पिल्लं तरी सख्ख्या आईवरच गेली. बेल्यायेव १९८५ ला वारले, त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी काम पुढे चालवलं.

पण म्हणून "अमुक ब्रीड म्हणजे अमुक स्वभाव" हे पण तितकं खरं नाही हां. २०२२ मध्ये १८,००० हून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी ब्रीडच्या वाट्याला ९ टक्क्यांच्या आसपासच आलं. म्हणजे आईबाप कोण ते बघा, कागदावरचं नाव नको.

(बाळ दीड वाजता उठवतं, तेव्हा हेच वाचते मी.)

मडगावकर_काका
कोल्हा म्हणजे कुत्रं नव्हे. बरं, वाचतो.

पेडण्याचा_बाबू
सासूबाईंवर असा प्रयोग करता येतो का

फोंड्याची_ज्यो
@बाबू तुझी बायको पण इथे वाचते हे लक्षात ठेव

मोरजी_शॅक
आमच्याकडे किनाऱ्यावरची कुत्री. सीझनला ऑक्टोबर ते मे शॅकवर पोटभर, फॉरेनर लोक चिकन घालतात, जून लागला शॅक उतरवली की उपाशी. मी पावसात भात-तारले शिजवून नेतो. दोघे भाऊ आहेत, तांबडा आणि पिंटो. तांबडा कोणाच्याही बीच बेडवर. पिंटो मात्र चार पावसाळे माझ्या हातचं खातो पण मी ताट ठेवून वीस पावलं मागे गेल्यावरच. आधी मोजायचो, पुढच्या वर्षी पंधरा होतील, दहा होतील. वीसच आहेत. नसबंदीसाठी न्यायला गाडी आली तेव्हा तांबडा स्वतः चढला, पिंटोला जाळं. कानाला नसबंदीची खाच दोघांच्या सारखीच.

ताळगाव_तिसरा_मजला
तारल्याचे काटे चालतात?

मोरजी_शॅक
शिट्ट्या जास्त काढतो, काट्यांचं पीठ होतं. मीठ-हळद-तिखट काही नाही. बांगडा असेल तर मधला काटा काढून.

दोडामार्ग_बॉर्डर
आमचा कारवान हाउंड. लोक त्याला "मारलेला आहे का" विचारतात कारण परक्याचा हात आला की तो अंग असं बाजूला घेतो जसा काही सोवळ्यात आहे. त्याचे वडील तसेच, आजोबा बघितलेत ते पण तसेच. आम्ही कधी हात लावायचा आग्रहच केला नाही, तो सुखी आम्ही सुखी. शेपटी हलवून पाहुण्यांचं स्वागत करायला घरात माझी आई आहे.

गप्प_बसलेली
मी सहसा लिहीत नाही. आमचा जर्मन शेफर्ड होता. घेतला तेव्हा आई बघायला मागितली तर विकणारा म्हणाला ती आजारी आहे. मागच्या बाजूला ती पिंजऱ्यात जाळीवर आदळत होती ते मी ऐकलं, तरी पिल्लू घेतलं, कारण गोड होतं. पहिल्या दिवसापासून घरात, ट्रेनर, गोळ्या, सगळं केलं. दीड वर्षाचा असताना माझ्या मुलाच्या गालाला चावला, अकरा टाके. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, इंजेक्शनं घेतली, मुलगा बरा आहे. कुत्र्याचं काय केलं ते लिहीत नाही. लोक म्हणाले तुम्ही लाडावलंत, लोक म्हणाले तुम्ही मारलं असणार. दोन्ही नव्हतं.

साखळीची_मामी
@गप्प_बसलेली बाय, बरं केलंस लिहिलंस. बाळाचा गाल आता कसा आहे?

गप्प_बसलेली
हसला की खळी पडते तिथे. त्याला आवडते ती.

मडगावकर_काका
ताई, मी वर जे "लाड" म्हणालो ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. आणि भाटातलं एक सुणें आठवलं आत्ता, काळं, ते खरंच पलीकडेच असायचं. आई त्याच्यासाठी पेज गडग्यावर ठेवायची.

फोंड्याची_ज्यो
आले परत. धाग्यात इतकं झालं? माझी आमटी करपली

साखळीची_मामी
भाचीचा मेसेज : मशीनसमोर जमिनीवर पाठ करून बसली आणि पेपर नाही म्हणून लाइटचं बिल मोठ्याने वाचलं. पिल्लाने नाक बाहेर काढलं. थकबाकीपर्यंत आली तर परत आत गेलं.