शेतकऱ्याकडून थेट भाजी घेणारे गट : घडी कशी बसवता?

शेतकऱ्याशी थेट बोलून भाजी घेणारे गट सुरू होतात पटकन, तिसऱ्या महिन्यात मात्र गळती लागते. कुठे काय चुकतं आणि त्यावर काय लागू पडतं, ते नेमकं लिहा.

—

बोलणी पेरणीच्या आधी. पीक उभं राहिल्यावर गेलात तर तुम्ही नुसतं गिऱ्हाईक. आधी घरं मोजा, आठवड्याची गरज लिहून घ्या, मग वाफे ठरवा. सगळा पाला एकदम पेरला की तीन आठवडे कोरडे आणि मग एकदम ढीग. बहुतेक पालेभाज्या २५ ते ४० दिवसांत काढणीला येतात. दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे वाफे पेरत गेलं तर घरोघरची आठवड्याची पिशवी रिकामी राहत नाही. पेरा गरजेपेक्षा थोडा जास्तच हवा, कीड आणि पाऊस आपला वाटा घेतातच.

—

पैशांचं सांगतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेकेई' म्हणजे शेतकरी-ग्राहक थेट भागीदारीचे गट उभे राहिले, अमेरिकेत १९८६ पासून आगाऊ पैसे भरून हंगामाच्या पिकात वाटा घेण्याची पद्धत रुजली. वाटा घेतला म्हणजे पीक बुडाल्याचा तोटाही वाटून घ्यायचा. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं नाही, तर पिशवी हलकी झाली की लोक पैसे परत मागतात. पूर्ण रक्कम जड जात असेल तर बियाणं-मजुरीपुरता हप्ता पेरणीआधी, बाकी दर महिन्याच्या सुरुवातीला. महिनाअखेरीवर ठेवलं की थकतं आणि झळ शेतकऱ्याला बसते. बाहेरगावी जाणाऱ्यानं पिशवी रद्द करू नये, शेजाऱ्याला द्यावी. वाफा काही थांबत नाही.

—

बऱ्याच तक्रारी काढणीतून येतात. पाला ऊन चढायच्या आत कापायचा, तेव्हा पान गार आणि पाण्यानं भरलेलं असतं. जुड्या सावलीत, ओल्या फडक्याखाली. पाणी मारून प्लास्टिकमध्ये कोंबल्या तर सडतात. क्रेटमध्ये तळाला कंद, मध्ये फळभाज्या, वर पाला. पिकलेले टोमॅटो पाल्याला खेटून नकोत, त्यांच्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात.

आणि पाला किलोवर ठरवूच नका. वाटेत पाणी उडतं, शेतावरचं वजन घरी भरत नाही, उगाच संशय येतो. जुडीवर ठरवा.

—

'फवारता का?' या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा : शेवटची फवारणी कशाची, कोणत्या तारखेला, आणि डब्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायला सांगितलंय? हंगामात एकदा तरी गटातल्या दोघांनी शेतावर जावं. पाणी कुठून येतं, बांधापलीकडचा शेजारी काय फवारतो, तेही बघावं. खराब माल निघाला तर त्याच दिवशी फोटो थेट शेतकऱ्याला पाठवा. चार दिवसांनी कळलं तर तोवर पुढची काढणीही तशीच झालेली असते.