काकांचा ‘डाय हार्ड’ आणि रेवाचा शेरा

मोठे काका: रेवा, मी सांगितलेला ‘डाय हार्ड’ बघितलास का काल? काहीच लिहिलं नाहीस.

रेवा: बघितला मोठे काका. चांगला आहे. सुरुवात जरा लांबलीये.

मोठे काका: लांबलीये?? अगं, आम्ही श्वास रोखून बसलो होतो थिएटरात!

आत्या: दादा, कुठलं थिएटर? कॅसेट आणली होतीस. मध्येच टेप अडकली आणि तू व्हीसीआर उघडून बसलास.

ओम: हाहाहाहा

मोठे काका: कॅसेट तर कॅसेट. श्वास रोखलेलाच होता.

वहिनी: काका, रेवाचं काही चुकलं नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं विमान, गाडी, पार्टी आणि नवरा-बायकोची धुसफूस. एक गोळी सुटत नाही. हल्ली तेवढ्यात दोन शहरं उडालेली असतात.

रेवा: खोटं कशाला बोलू, मी फोन घेतला होता हातात. नंतर मात्र नाही घेतला.

मी: नंतर म्हणजे कुठून?

रेवा: तो हिरो त्या उंच इमारतीत बंदूकवाल्यांशी एकटा लढतोय आणि अनवाणी आहे, हे डोक्यात बसलं तिथून. काचा फुटल्या तेव्हा तर मी पाय वर घेऊन बसले.

मी: मग त्या लांबलेल्या सुरुवातीनेच तुला पकडलं की. विमानात शेजारचा माणूस त्याला सांगतो, मुक्कामी पोचलास की बूट-मोजे काढ, गालिच्यावर चाल आणि पायाची बोटं आवळ. तू तेव्हा फोनमध्ये असणार. तो बाथरूममध्ये नेमकं तेच करत असताना बाहेर गोळीबार सुरू होतो, आणि बूट राहतात ते राहतातच. पुढे खलनायक त्याचे पाय बघतो आणि आपल्या माणसाला सांगतो, काचांवर गोळ्या घाल. मग आपला हिरो खुरडत बाथरूममध्ये येतो, तळव्यातून काच उपसतो आणि वॉकीटॉकीवर इमारतीखाली थांबलेल्या पोलिसाला बायकोसाठी निरोप देतो. आवाज फुटतो त्याचा. मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त तो सीन आवडतो आणि त्यात एकही ठोसा नाही. आताच्या सिनेमात हिरो दहाव्या मजल्यावरून पडतो, कपडे झटकतो, चालू लागतो. त्याला काही होत नाही, म्हणून आपल्यालाही काही होत नाही.

आत्या: आणि खलनायक! ॲलन रिकमनचा तो पहिलाच सिनेमा, नाटकातून थेट आलेला. शेवटी खाली पडतो तेव्हाचा चेहरा बघा. शूटिंगच्या वेळी तीन म्हटल्यावर सोडू असं सांगून आधीच सोडला होता म्हणे त्याला.

वहिनी: आत्या, तुम्ही त्याच्याच बाजूने होतात ना?

आत्या: सूट बघितलास का त्याचा?

मोठे काका: मुद्दा काय, की जुनं ते सोनं. आताच्या सिनेमात नुसती कापाकापी. कोण कोणाला मारतंय कळत नाही.

ओम: काका, मग ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ काय आहे? 2015 चा आहे आणि कडक आहे.

मी: काका, इथे मी ओमकडून. त्यात दोन तासांत सत्तावीसशेच्या आसपास कट आहेत, म्हणजे तितक्या वेळा शॉट बदलतो, तरी कोण कुठे आहे ते सुटत नाही, कारण बघायची गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी चौकटीच्या मध्यावर ठेवलीये. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. आणि दिग्दर्शक तोच, जॉर्ज मिलर, ज्याने 1979 मध्ये पहिला ‘मॅड मॅक्स’ केला. नकाशा कळला पाहिजे, बस. ‘डाय हार्ड’मध्ये बांधकाम अर्धवट असलेल्या मजल्यावर भिंतीला एका बाईचं पोस्टर आहे. पळताना तो त्याकडे बघतो आणि आपल्याला कळतं, अच्छा, परत इथेच आलो. तुम्हाला तो सिनेमा पाठ आहे, पण तुमच्या लक्षात इमारत राहिलीये, बघा आठवून.

मोठे काका: हे खरं. मी डोळे मिटून लिफ्टची विहीर सांगू शकतो.

ओम: मला ‘मॅट्रिक्स’ नाही झेपला पण. सगळे म्हणतात बाप आहे. तो मागे वाकून गोळ्या चुकवतो ते मी आधीच कार्टूनमध्ये, जाहिरातीत, गेममध्ये, सगळीकडे बघितलंय. ओरिजिनल बघितलं तर वाटलं, बरं, हेच का ते.

मोठे काका: अरे, ओरिजिनल आहे ते!

मी: त्याला काय त्याचं, काका? 1999 मध्ये शंभरावर स्थिर कॅमेरे गोलाकार मांडून तो शॉट घेतला तेव्हा लोकांनी तसं काही पाहिलंच नव्हतं. ओमने नक्कल आधी पाहिली, अस्सल नंतर. त्याचं आश्चर्य दुसऱ्यांनीच संपवून टाकलं. जो सिनेमा ‘असं कधी पाहिलं नव्हतं’ एवढ्यावरच उभा असतो, त्याचं नव्या माणसापुढे अवघड असतं. मला ‘मॅट्रिक्स’ त्यापलीकडेही आवडतो, पण ते ओमला आजच पटावं असं काही नाही.

ओम: ‘टर्मिनेटर 2’ मात्र आवडला. तोपण इफेक्टवालाच आहे.

मी: कॉम्प्युटरचं काम त्यात जेमतेम पाचेक मिनिटांचं. 1991 मध्ये ते एवढं महाग आणि वेळखाऊ होतं की हात आखडताच ठेवावा लागला. बाकी ट्रक खरा, पूल खरा आणि पुलाखालून गेलेलं हेलिकॉप्टरही खरं. कोणीतरी जीव मुठीत धरून ते उडवलंय, ते न सांगताही कळतं.

वहिनी: आणि त्यात बाई आहे. बाकी जुन्यांमध्ये बायकांनी एक तर किंचाळायचं, नाहीतर ओलीस राहायचं. त्यातली नायिका सेरा कॉनर पुल-अप्स काढते तिथेच मी तिची झाले.

रेवा: वहिनी, मला याहून वेगळंच खटकलं. ‘डाय हार्ड’मधला खालचा पोलीस. इतका गोड माणूस. तो सांगतो की अंधारात खेळण्यातल्या बंदुकीला खरी समजून त्याच्या हातून तेरा वर्षांचा मुलगा मारला गेला, तेव्हापासून बंदूक उचलवत नाही. मी म्हटलं, वा, ॲक्शन सिनेमात हे? आणि शेवटी काय, तर तो गोळी झाडून एकाला मारतो, संगीत चढतं आणि तो बरा झाला! म्हणजे त्या मुलाचं काय?

वहिनी: हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

मोठे काका: आम्ही त्या जागी टाळ्या वाजवायचो गं.

रेवा: वाजतात काका, मलापण क्षणभर भारी वाटलं. मग पोटात गोळा आला. दोन्ही झालं.

मी: काका, असं बघणारा माणूस मिळणं म्हणजे सिनेमाला आयुष्य मिळणं आहे. आपण इतक्या वेळा बघितला की आपली टाळ्यांची ठिकाणं ठरून गेलीत. ती पहिल्यांदाच बघतेय, तिला कुठे टाळी वाजवायची ते कोणी शिकवलेलं नाही.

मोठे काका: ठीक आहे, ठीक आहे. पण मग ‘फर्स्ट ब्लड’ला काय म्हणशील रेवा?

रेवा: रॅम्बो ना? छातीवर पट्टा, हातात मशिनगन, शेकडो माणसं खल्लास. नको.

मोठे काका: इथेच फसतेस! ते पुढचे भाग. 1982 च्या पहिल्या भागात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. युद्धावरून परत आलेला, डोकं ठिकाणावर नसलेला पोरगा आहे. गावातला पोलीस त्याला हाकलून लावतो तिथून सगळं पेटतं. शेवटी ढसाढसा रडतो तो.

रेवा: खरंच? एकच?

आत्या: या वेळी दादा खरं सांगतोय.

मी: पोस्टर आणि पुढच्या भागांनी त्याची वाट लावली. हा तर ‘मॅट्रिक्स’च्या उलटा प्रकार झाला, नाव सगळ्यांना माहीत आणि सिनेमा कोणालाच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला असे सिनेमे सगळ्यात जास्त लागू पडतात.

ओम: जॅकी चॅनचा ‘पोलीस स्टोरी’ टाका यादीत. मॉलमधल्या खांबावरून घसरतो, लाइटच्या माळा फुटत जातात आणि तेच तीन वेळा दाखवतात, वेगवेगळ्या बाजूंनी. मी रिवाइंड करणार होतो, त्यांनीच करून दिलं.

मी: 1985 चा. हात भाजले होते त्याचे त्यात. शेवटी नावांसोबत फसलेले शॉट येतात ते बघ, स्ट्रेचरवर नेतात माणसांना.

वहिनी: कथा मात्र विचारू नका त्याची. आणि त्याच्या मैत्रिणीला जे वागवलंय!

ओम: कथा कोण बघतं

रेवा: एक विचारू? काल चित्र मला विचित्र दिसत होतं. एकदम गुळगुळीत, मालिकेसारखं. इमारत सेट वाटत होती.

मी: आधी सांगायचंस! तो टीव्हीचा उद्योग. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांवर घेतलेला असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून भरतो, म्हणजे हालचाल सलग दिसते. क्रिकेटला ठीक, पण सिनेमाचा पोतच जातो. टॉम क्रूझने 2018 मध्ये खास व्हिडिओ करून हे बंद करा म्हणून सांगितलं होतं. जुना सिनेमा स्वस्त दिसतोय असं वाटलं की आधी तिथे बघायचं.

आत्या: आमच्याकडे कुठे असतं ते?

मी: सेटिंग, मग पिक्चर, मग मोशन किंवा स्मूथ अशा नावाचं काहीतरी असेल, ते ऑफ कर. नाहीतर फिल्ममेकर मोड दिसला तर सरळ तो लाव.

मोठे काका: झालं असेल तर शनिवारी ‘बुलिट’ लावू. 1968. गाडीचा पाठलाग बघा म्हणजे काय ते.

मी: काका, तो पाठलाग तासाभरानंतर येतो, आणि तोवर स्टीव्ह मॅक्वीन गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे जातो. पाठलाग मात्र दहा मिनिटांहून मोठा, आणि गाड्यांनी वेग पकडला की संगीत बंद. फक्त इंजिन.

ओम: त्यात एक हिरवी बीटल गाडी आहे, तिला परत परत ओव्हरटेक करतात. मी क्लिप बघितलीये.

मोठे काका: क्लिप!!

वहिनी: माझं मत ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ला. 1986 ला आपटला आणि व्हिडिओवर लोकांनी डोक्यावर घेतला. हिरो स्वतःला हिरो समजतो आणि सगळं काम त्याचा मित्र करतो. शेवटची लढाई सुरू होताना हा छतावर गोळी झाडतो, दगड डोक्यात पडतो आणि हा आडवा.

रेवा: हा!! हाच. आजचाच वाटतोय.

मोठे काका: म्हणजे माझा ‘बुलिट’ गेला.

आत्या: दादा, तुझा ‘बुलिट’ पुढच्या वेळी. एकच अट, पाठलागाच्या आधी दहा वेळा ‘आता बघा, आता बघा’ करायचं नाही.

रेवा: प्लीज काका. ‘आता बघा’ म्हटलं की मी सिनेमा सोडून तुमच्याकडे बघते.

मोठे काका: एकदा तरी म्हणू द्या.

ओम: एकदा चालेल. बीटलच्या वेळी.