बर्नअपसाठी सिझिअम-१३७ पुरेसं आहे का?

कोलिमेटर: बर्नअप, म्हणजे अणुइंधन किती जळलं, हे काढायला इंधनकांडी विरघळवण्याची गरजच काय? सिझिअम-१३७ ची ६६२ केईव्ही ऊर्जेची गॅमा रेषा मोजा, काम झालं. अर्धायुष्य ३० वर्षं; युरेनियम-२३५ असो वा प्लुटोनियम-२३९, फिशन यील्ड (दर शंभर विखंडनांमागे किती अणू बनतात ते) ६ टक्क्यांच्या वरच. बाकी सगळा वेळेचा अपव्यय.

द्रावक: ‘काम झालं’ वाचून राहवलं नाही. ६६२ केईव्हीचा गॅमा इंधनाच्या ऑक्साइडमध्येच शोषला जातो. अख्ख्या असेंब्लीसमोर (कांड्यांच्या जुडग्यासमोर) डिटेक्टर ठेवलात तर मुख्यतः बाहेरच्या दोन-तीन रांगा दिसतात, आतलं तुम्ही गृहीत धरता. शिवाय पेलेटचा (कांडीतल्या इंधनगोळीचा) गाभा फार तापला की सिझिअम जागा सोडून थंड भागात, पेलेटांमधल्या फटींत जाऊन बसतं. तिथला बर्नअप फुगलेला दिसतो. कांडी विरघळवून मोजतात ते निओडिमियम-१४८; तेही विखंडनातूनच बनतं, पण स्थिर आहे, हलत नाही.

कोलिमेटर: मग एकेक कांडी अरुंद फटीसमोर फिरवत स्कॅन करा. असेंब्लीला युरोपियम-१५४ ची १२७४ केईव्ही रेषा घ्या, ती खोलातून येते. तुमचा नमुना केवढा? एक-दोन पेलेट! त्यावरून पूर्ण लांबीचं सांगणार?

न्यूट्रॉनमोजणी: सिझिअम-१३४ आणि १३७ चं गुणोत्तर घ्या की. मोजमापाची भूमिती बरीचशी आपोआप कटते.

द्रावक: १३४ चं अर्धायुष्य २.०७ वर्षं. २० वर्षं थंडावलेल्या इंधनात त्याचा आठशेवा हिस्सा उरतो. रेषा शोधत बसा!

कोलिमेटर: आणि तुमच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रात) समॅरियम घुसतं त्याचं काय? तेही १४८ आणि १५० या वस्तुमानांवर येतं.

द्रावक: वेगळं करणं नीट नसेल तरच. निओडिमियम-१५० चा स्पाइक (तुलनेसाठीची माहीत असलेली मात्रा) वजन करून द्रावणात आधी घालायचा, पूर्ण मिसळू द्यायचा, मगच निओडिमियम विभाजन-स्तंभातून वेगळं करायचं. त्यानंतर थोडं निओडिमियम वाया गेलं तरी गुणोत्तर ढळत नाही. समॅरियम उरलं तर १५० फुगतं, स्पाइक जास्त भासतो आणि १४८ कमी निघतं. सिरियम-१४२ तर आणखी वाईट: नैसर्गिक निओडिमियमची भेसळ १४२ वरूनच ओळखतात, म्हणजे नसलेली भेसळ तुम्ही वजा करता. म्हणून समॅरियम आणि सिरियम, दोन्ही तपासल्याशिवाय आकडा देऊच नये.

न्यूट्रॉनमोजणी: निओडिमियम-१४७ न्यूट्रॉन गिळून १४८ होतं, हे का गाळलंत? ११ दिवसांचं अर्धायुष्य. फ्लक्स (न्यूट्रॉनांचा मारा) जास्त असेल तर आकडा वाढतोच.

द्रावक: वाढतो. दुरुस्ती करावी लागते, नाकारत नाही. आणि लांबीभरचं चित्र स्कॅनच देतो, हेही मान्य. पण त्या स्कॅनची पट्टी विरघळवलेल्या नमुन्यावरच जुळवतात.

कोलिमेटर: पट्टी जुळवण्यापुरतं ठीक. प्रत्येक कांडी कापायला माझा विरोध कायम.