मदत हवी आहे: शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाने हिशोब कसा मागावा?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर नुकतीच पालकांमधून अध्यक्ष म्हणून निवडले गेले. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 वाचलंय: 75 टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला; कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष हे समितीचं काम. मुख्याध्यापक सदस्य-सचिव.

प्रत्यक्षात बैठक सकाळी अकराला लागते. सध्या कापूस वेचणी चालू आहे, बाया तेव्हा शेतात. मग रजिस्टर घरोघरी सहीला फिरतं. माझ्याकडे आलं तेव्हा शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान कोरं होतं आणि त्याखाली चार सह्या आधीच झालेल्या. मी सही केली नाही.

अनुदानाचं कॅशबुक आणि पावत्या मुख्याध्यापक सरांना तोंडी मागितल्या, तर "पुढच्या मिटिंगला बघू". केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटले, ते म्हणाले आपसात मिटवा. लेखी अजून काही दिलेलं नाही.

माहिती अधिकार लगेच नको. शिक्षक दोनच आहेत, मनापासून शिकवतात. पोरांच्या शाळेत भांडण लावायचं नाही. पण छत गळतंय, दुरुस्तीचे पैसे आले की नाही तेवढं तरी पालकांना कळायला हवं.

ज्यांनी समितीवर काम केलंय त्यांनी सांगा: कॅशबुक पाहण्यासाठी सदस्य-सचिवांना माझं लेखी पत्र पुरेसं आहे, की आधी बैठकीत ठराव लागतो? आणि बैठक संध्याकाळी घ्यायला सांगण्याचा अधिकार अध्यक्षाला आहे का?