पोहायला येणाऱ्या मुलांच्या पालकांशी कसं बोलावं? सल्ला हवा

काठावरची: ८ ते १२ वर्षांच्या मुलांना शिकवते. ‘वेळ का कमी होत नाही?’, ‘वरच्या बॅचमध्ये कधी घेणार?’ असे मेसेज रात्री उशिरापर्यंत येतात. सराव चालू असताना काही पालक काठावरून सूचना देतात. मूल भिंत धरून एकदा माझ्याकडे बघतं, एकदा त्यांच्याकडे. रोज पंधरा मिनिटांवर वेळ देता येणार नाही. विकतचं अ‍ॅप नको.

शिट्टी: अ‍ॅप घ्याच. हजेरी, टायमिंग, फी सगळं एका जागी. आमचे पैसे वसूल झाले.

बॅकस्ट्रोकवाला_बाबा: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा. पण सगळ्यांचं टायमिंग त्यावर टाकू नका. माझ्या मुलीच्या बॅचचं टाकायचे, मागे पडलेल्या पोरांना घरी बोलणी बसायची.

जुना_कोच: सुरुवातीलाच पालकसभा घ्या. २५ आणि ५० मीटरच्या तलावातला फरक समजावा. छोट्या तलावात वळणं जास्त, प्रत्येक वळणाला भिंतीचा रेटा मिळतो, म्हणून वेळ कमी लागते. तेच मूल मोठ्या तलावात उतरलं की सेकंद वाढतात आणि पालकांना वाटतं पोरगं घसरलं.

गॅलरीतली_आई: भल्या पहाटे उठून आम्ही मुलांना आणतो. विचारायचंही नाही का?

शिट्टी: गॅलरीच बंद ठेवावी.

गॅलरीतली_आई: अजिबात नाही. लहान मुलं पालकांच्या नजरेसमोर हवीत.

जुना_कोच: ताईंचं बरोबर आहे. बघू द्या, मध्ये बोलू नका म्हणा. आणि मुलाला एकट्याला मेसेज कधीच नको, आई-वडिलांपैकी कोणीतरी त्यात हवंच.

बॅकस्ट्रोकवाला_बाबा: मी तर स्वतः स्टॉपवॉच लावतो. माझ्या घड्याळात मुलीची वेळ नेहमी चांगली येते.

चारही_स्ट्रोक: इशारा ऐकून बटण दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच, म्हणून हातातल्या घड्याळात वेळ कमी दिसते. काठावरची, मूल स्पर्धेत बाद झालं तर कारण त्याच दिवशी सांगा, आधी मुलाला, मग पालकांना. ‘ब्रेस्टस्ट्रोकला वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागले नाहीत’, बस. नाहीतर घरी जाईपर्यंत पंचांनी पक्षपात केला असं ठरलेलं असतं.

नवीन_सभासद: पालकसभा घ्या असं मलाही वाटतं.

शिट्टी: सभेची सूचनाही अ‍ॅपवरून जाते.

काठावरची: सगळ्यांचे आभार. अ‍ॅप, ग्रुप, सभा यातलं काहीच करत नाहीये. सराव संपला की दहा मिनिटं फाटकाशी उभी राहीन, ज्यांना बोलायचंय त्यांनी तिथे बोलावं. वेळापत्रक फळ्यावर. २५-५० चं स्पर्धेच्या आधी तिथेच सांगेन.