अनुभव धागा: डेकोरेटिव्ह पेंटरचं प्रमाणपत्र, नाशिक

हात बसलेला असूनही परीक्षेत गुण कुठे गळतात, एवढंच लिहा. मोजमापासकट. कुठल्या कंपनीचा रंग भारी, हा वाद इथे नको.

सातपूरकर
आधी वाट ठरवा. आयटीआयचा पेंटर जनरल हा २ वर्षांचा ट्रेड. वर्षानुवर्षं रंगकाम करणाऱ्याने तिथे जाऊन बसायची गरज नाही. त्याच्यासाठी आरपीएल (आधीच्या शिक्षणाला मान्यता) आहे: थोडं मार्गदर्शन आणि मग असलेल्या कौशल्याची परीक्षा. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर होते. आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. आधारवर नावात काना-वेलांटी चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा, नंतर निस्तरत बसावं लागतं.
दोन गल्लती नेहमी होतात. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, रंगारी नाही. आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी हे वेगळंच प्रकरण, त्याला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

पट्टीवाला
प्रात्यक्षिकात सगळे रंगाकडे धावतात. परीक्षक आधी भिंत बघतो.
नवीन गिलावा असेल तर २८ दिवस झालेत का ते विचारा. ओलीचा संशय आला तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा लेप) मारू नका, ओल कुठून येते ते शोधा. परीक्षेत तेवढा वेळ नसतो, पण ही चाचणी तोंडाने सांगता आली पाहिजे.
व्हाइट सिमेंटच्या पुट्टीला १ किलोमागे साधारण ३६० ते ४०० मिली पाणी. अंदाजपंचे ओतू नका, मापाचा मग न्या. कालवलेली पुट्टी दोन-अडीच तासांत संपली पाहिजे. घट्ट झाली म्हणून वरून पुन्हा पाणी घातलं की सिमेंटची धरलेली पकड मोडते आणि वाळल्यावर भिंतीवरून बोट फिरवलं तरी पीठ निघतं. मारण्याआधी भिंत हलकी ओलवा, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते. दोन हात (थर) मिळून जाडी १.५ मिमीच्या वर नको. खड्डा खोल असेल तर तो पुट्टीने बुजवायचा नसतो, गिलाव्याने भरायचा.
घासाई झाली की मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत तेव्हा पत्रीच्या (पुट्टी लावायच्या पात्याच्या) सगळ्या रेघा दाखवते. अस्तराचा (प्रायमरचा) हात त्यानंतर.

मोजणी
हिशेब तोंडी विचारतात. १२ फूट × १० फूट भिंत म्हणजे १२० चौरस फूट. त्यातून ३ × ७ चा दरवाजा वजा, राहिले ९९. डब्यावर दोन हातांना १ लिटरमागे १२० चौरस फूट लिहिलं असेल तर ९९ ÷ १२० = ०.८२५ लिटर. 'एक लिटर लागेल' हे उत्तर चूक नाही, पण आकडेमोड दाखवली तर शंका उरत नाही.

पंचवटी
स्टेन्सिल (नक्षी कापलेला साचा): मधली रेघ ओळंब्याने काढा, छताच्या कडेवर भरवसा ठेवू नका, छत क्वचितच सरळ असतं. ब्रश रंगात बुडवला की आधी वर्तमानपत्रावर ठोका, जवळजवळ कोरडा होईपर्यंत. मग ठिपके देत भरा. ब्रश ओढलात किंवा रंग जास्त घेतलात की तो स्टेन्सिलखाली पाझरतो. पाझरलाच तर ओला पुसू नका, वाळू द्या आणि बेसच्या रंगाने बारीक ब्रशने कड दुरुस्त करा.
मेटॅलिक किंवा स्पंज फिनिशला कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडायचा. मध्येच चहाला थांबलात तर जोड कायमचा दिसतो. थांबायचंच तर कोपऱ्यात थांबा.

जुनं नाशिक
वाड्यांच्या भिंतींचा प्रश्न हमखास येतो. चुन्याच्या सफेदीवर थेट इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) मारलं तर ते भिंतीला नव्हे, सुट्या भुकटीला चिकटतं, मग पापुद्रे. खरवडून, धुऊन, वाळवून मगच अस्तर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका: पाणी मारून पॉलिश पेपर आणि तोंडाला मास्क. शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही.

इंदिरानगर
हवामान विसरू नका. मे महिन्याच्या दुपारी रोलर भिंतीवरून उचलेपर्यंत कड वाळते, तेव्हा उन्हाची भिंत सकाळी आणि सावलीची नंतर. डिसेंबरच्या पहाटे उलट गत: १० अंशांच्या खाली इमल्शनचा थर नीट बसत नाही, ऊन चढू द्या.

पट्टीवाला
राहिलंच. मास्किंग टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, ४५ अंशांत मागे दुमडून सावकाश काढा, वाळल्यावर ओढला तर कडेचा रंग घेऊन येतो. शिडीचा पाया उंचीच्या पाव अंतरावर: १२ फुटांवर टेकवली तर बुड ३ फूट बाहेर. आणि उरलेल्या डब्यावर शेडचा नंबर लिहा.