आईसाठी मोठ्या अक्षरांतलं काही वाचायला सुचवा (500 रुपयांपर्यंत)

श्रीरामपूरची_लेक
सलाम सगळ्यांना. माझा धाकटा भाऊ मार्चमध्ये अपघातात गेला. 27 वर्षांचा होता. आई रविवारी चर्चला येते, पण गाण्याला सगळे उभे राहिले की ती बसूनच राहते. तिचं बायबल कपाटावर तसंच पडून आहे, त्यावर तिने भावाच्या गाडीची किल्ली ठेवलीय. ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, बारीक अक्षर दिसत नाही. म्हणते, "देवाची मर्जी आहे हे कळतंय गं मला. अशी का, ते कोणी सांगत नाही." तिला गप्प बसवणारं काही नको. काय देऊ?

नगरकर_72
ताई, मोठ्या टाइपाचं, चामडी कव्हर आणि झिपवालं बायबल घ्या. मी 1100 ला घेतलं. झिप चार महिन्यांत गेली, पण अक्षर उत्तम, चष्म्याशिवाय वाचतो. अशा वस्तूत पैसे वाचवू नयेत.

विश्वासाने_चालतो
रोमकरांस पत्र 8:28, 'देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून भल्यासाठीच होतं' हे बायबलमधलं वचन, फ्रेम करून समोरच्या भिंतीवर लावा. देव सार्वभौम आहे, त्याच्या हातून चूक होत नाही. आमच्या हॉलमध्ये 12 वर्षं आहे.

संगमनेर_सिस्टर
दादा, वचन खरंच आहे, पण वेळ बघा. माझे मिस्टर गेले तेव्हा मातीला आलेल्या नऊ जणांनी मला तेच वचन ऐकवलं. मी मोजले होते. त्यानंतर दोन वर्षं ते पान मी उघडलं नाही. ताई, ईयोब वाचायला द्या. बायबलमधलं पुस्तक आहे, मुलं आणि गुरंढोरं सगळं गमावलेला ईयोब त्यात देवालाच जाब विचारतो.

केडगावकर
पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर मिळालं तर बघा. 1921 च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बाईंनी बायबलचं काम पुरं केलं आणि पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या. लेकरू पुरलेल्या आईच्या हातून आलेले शब्द आहेत ते. आमच्या आजीने बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिकताना तेच वाचलं.

नगरकर_72
त्याची भाषा आता जड जाते हो.

केडगावकर
जड कशी? साध्या बायकांना कळावं म्हणून तर बाईंनी संस्कृत शब्द टाळले, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं. पाच पानं वाचून बघा, मग बोला.

देहूचा_वाटसरू
मी वारकरी घरातला, चालत असेल तर लिहितो. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा 1630 च्या दुष्काळात गेले. नंतर ते विठोबाशी भांडले, तू निष्ठुर आहेस असंही म्हणाले, पण पाठ फिरवली नाही. वडील गेल्यावर गाथेनेच सावरलं मला.

विश्वासाने_चालतो
इथे बायबलचा विषय चाललाय.

संगमनेर_सिस्टर
चालू द्या की! आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकच म्हणत, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

पुणे_कॅम्प
ईयोब द्या, पण सलग 42 अध्याय देऊ नका. 'तुझ्याच पापामुळे हे झालं' म्हणणाऱ्या ईयोबाच्या मित्रांची भाषणं लांब आहेत आणि दुःखातल्या माणसाला ती खरी वाटतात. 1 ते 3 वाचा, मग थेट 38 पासून. देव शेवटपर्यंत 'का'चं उत्तर देत नाही, उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? पण रागावतो कोणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. ओरडणाऱ्या ईयोबाला म्हणतो, हा नीट बोलला. आणखी एक. शेवटी देव ईयोबाला परत देतो तेव्हा मेंढरं 7000 ची 14000 होतात, पण मुलं पहिल्याइतकीच दहा. माझी आई म्हणायची, मेंढरं गेली ती गेली, म्हणून दुप्पट द्यावी लागली. मुलं देवाजवळ आहेतच, ती मोजणीतून गेली नाहीत. आमचा एक भाऊ लहानपणी गेला होता, त्याला धरूनच ती आम्हाला मोजायची.

नगरकर_72
मोबाइलवर ऐकायचं बायबल फुकट आहे, डोळ्यांना त्रास नाही. पण छापील हातात असावंच. झिपवालं.

श्रीरामपूरची_लेक
सगळ्यांचे आभार. विकत काही घेतलं नाही. 40 रुपयांची दोनशे पानी वही आणली आणि जाड स्केचपेनने बायबलमधलं दावीद राजाचं स्तोत्र 13 लिहायला बसले. पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' चारदा येतं. आई शेजारी येऊन बसली, बोट ठेवून वाचलं, म्हणाली, "हे दावीद म्हणतो? देवाला?" मग माझी एक वेलांटी चुकलेली दाखवली. चौथ्या वचनानंतर थांबवलं. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं येतं ना, ते आत्ता नको म्हणाली. "जागा सोडून ठेव. मी सांगेन तेव्हा लिही." वही बायबलवर ठेवलीय, किल्ली आता वहीवर.

संगमनेर_सिस्टर
ताई, वही एकरेघी की दुरेघी? सासूबाईंनाही अक्षर दिसत नाही, आजच आणते.